अंतरपाट खाली आला तेव्हा

मित्रांनो, तुम्ही आजवर जितक्या लग्नांत जेवला असाल, तितक्या वेळा माझ्या एखाद्या भाऊबंदाला पाहिलं असेल. मंगलाष्टकं चालू असताना नवरा-नवरीच्या मध्ये दोघा जणांनी ताणून धरलेलं ते पांढरं फडकं, तेच आमचं घराणं. मी विंझरच्या खालच्या आळीचा अंतरपाट. वय विचाराल तर नेमकं सांगता यायचं नाही. पण माझ्या आड उभ्या राहिलेल्या काही मुलींची पोरं आता कॉलेजात जातात, त्यावरून काय तो अंदाज करा.

माझा जन्म मांजरपाटाच्या ताग्यात झाला. भोरच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात मी पडून होतो. आजूबाजूच्या कापडातून कुणाच्या पिशव्या झाल्या, कुणाच्या बंड्या झाल्या. आपल्या नशिबी फार तर उशीची खोळ, अशी मी मनाची तयारी करून ठेवली होती. पण एक दिवस विंझरचे आनंदराव दुकानात आले. आळीचा जुना अंतरपाट उंदरांनी कुरतडला होता आणि लग्नसराई तोंडावर आली होती. दुकानदाराने कात्री चालवली आणि माझं नशीब उघडलं.

आनंदरावांची बायको बनाबाई तेव्हा नुकतीच नांदायला आली होती. तिचं स्वतःचं लग्न कुणाच्या तरी उसन्या धोतराच्या आड लागलं होतं, ते तिच्या मनाला लागून राहिलं असावं. तिने माझ्या कडा दुमडून शिवल्या आणि मधोमध लाल दोऱ्याने स्वस्तिक भरलं. स्वस्तिकाचा एक हात जरा आखूड पडला. तिने तो उसवला नाही, मीही कधी कुरकुर केली नाही.

माझं काम म्हणाल तर सोपं. एका बाजूला आळीतल्या भिमाने धरायचं, दुसऱ्या बाजूला त्याच्या जोडीच्या गेनूने. भिमा ताडमाड उंच, गेनू बुटका, त्यामुळे मी जन्मभर तिरका उभा राहिलो. शेवटचं "सावधान" होईपर्यंत सगळा मांडव माझ्याकडे टक लावून पाहतो, आणि मी बाजूला झालो की माझ्याकडे ढुंकूनही कुणी बघत नाही. गरज सरो नि वैद्य मरो! एकदा तर मी मांडवातच पडून राहिलो आणि वाढप्यांनी माझ्यावर भाताचं पातेलं ठेवलं. बनाबाईला मी संध्याकाळी सापडलो. ती इतकी चिडली, की तेव्हापासून आळीत एक रीतच पडली. लग्न लागलं की गेनूने माझी घडी घालून मला थेट नवरीच्या आईच्या मांडीवर नेऊन ठेवायचं.

आता तुम्ही म्हणाल, नवरीची आई मांडवातच असेल की. नाही, मित्रांनो. आमच्याकडे लेकीचं लग्न लागताना आई ते पाहत नाही. ती परसदारी तुळशीपाशी पाठ करून बसते आणि तुळशीला पाणी घालत राहते. कुणी म्हणतं आईची नजर लागते, कुणी म्हणतं आईच्याने ते सोसवत नाही. खरं काय ते मला ठाऊक नाही. मी तिच्या मांडीवर येऊन पडलो, की तिने समजायचं, लेक परक्याची झाली. आता उठायला हरकत नाही.

बनाबाईने आळीतल्या साऱ्या मुलींवर अक्षता टाकल्या. मी दूर झाल्यावर प्रत्येकीचा चेहरा कसा फुलतो, ते तिला तोंडपाठ होतं. मग तिची थोरली लेक रत्ना लग्नाची झाली, आणि रत्नाच्या वेळी ती परसदारी जाऊन बसली.

त्या लग्नाला फोटो काढायला सोमनाथ आला होता. तो मार्गासनीचा. रस्त्यालगत त्याचं छोटं दुकान, गळ्यात कॅमेरा आणि कपाळावर कायमची आठी. मला त्याच्याविषयी आधीपासून आपुलकी होती. शेवटी आम्ही दोघं एकाच कामाला आलेले. मी ज्या घडीला दूर होतो, ती घडी त्याने धरायची. पण माझं ऐकतो कोण!

आनंदरावांनी सकाळीच त्याला बजावलं होतं, "सोमा, पाहुण्यांचं सत्कार समदं आलं पायजेल. एकबी सुटता कामा न्हाई."

आणि सत्कार तरी किती! नारळ, शाल, फेटा. नारळ, शाल, फेटा. एक पुढारी खाली बसला की दुसरा उठायचा. मुहूर्त टळत चालला. सोमनाथला ना कुणी चहा विचारला, ना जेवण. त्यानेही कुणाला काही विचारलं नाही, तोंड फुगवून काम करत राहिला. मंगलाष्टकं कधी सुरू झाली ते त्याला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, एका पाहुण्याचा फेटा टिपत असताना कळलं. तो धावत आला, तोवर सारी तरुण मंडळी मोबाईल उंचावून स्टेजवर चढली होती. शेवटचं सावधान झालं. भिमा आणि गेनूने नेहमीसारखं मला झटक्यात वर उडवलं. मी थेट सोमनाथच्या डोक्यावर. त्याने मला बाजूला सारून खुर्चीवर चढून काय काढता येईल ते काढलं.

गेनू मला घेऊन परसदारी गेला. बनाबाईने मला मांडीवर घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि तोंडाशी धरलं. मी सगळं पाहिलं होतं, अगदी वीतभर अंतरावरून. पण मला तोंड कुठे होतं सांगायला? त्या दिवशी मला माझ्या मुकेपणाचं जितकं वाईट वाटलं, तितकं ना त्याआधी वाटलं, ना त्यानंतर.

काही दिवसांनी अल्बम आला. मी धुऊन अंगणात दोरीवर वाळत होतो. सोमनाथ स्वतःच अल्बम घेऊन आला होता. बनाबाई ओट्यावर बसून पानं उलटू लागली. शालीचे फोटो आले, फेट्यांचे आले, नारळांचे आले. मग एक पान आलं. त्यावर वर केलेले हात, मोबाईल, डोकी, आणि एका कोपऱ्यात रत्नाच्या बाशिंगाचं टोक. तिने पान उलटलं, पुन्हा मागे आली, पुन्हा पुढे गेली. नातेवाइकांच्या मोबाईलमधलंही तिने सगळं पाहिलं होतं. त्यात तर एकमेकांचे मोबाईलच दिसत होते.

आनंदराव सोमनाथवर उखडले. "आरं, ह्यो काय फोटू काढलास? पोरीचं तोंडच न्हाई ह्येच्यात!"

"तुमीच म्हनला हुता नाना, सत्कार सुटता कामा न्हाई," सोमनाथही तडकला. "बघा मोजून. त्यातला एकबी सुटला न्हाई."

बनाबाई मात्र अजून पानंच उलटत होती. सोमनाथचा आवाज खाली आला. "काकू, काय धुंडताय?"

"काय न्हाई बाबा," ती म्हणाली. "पडदा काढल्यावर रत्नी कशी दिसली, तेवढंच बघायचं हुतं. म्या मागं हुते ना."

सोमनाथ याच मुलखातला. आई मांडवात नसते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि ध्यानात असणं वेगळं. तो चहा न घेताच निघून गेला. आणि मित्रांनो, गेलेली घडी काही परत आणता येत नाही. रत्नाचा तो चेहरा तिच्या आईच्या वाट्याला आला नाही, तो नाहीच.

मग धाकट्या वैष्णवीचं लग्न ठरलं. मुलगा वरवे बुद्रुकचा, मंडळी समजूतदार. आता बनाबाईला एकच घोर लागला. ही तिची शेवटची लेक. हिचाही चेहरा हुकला, तर पुन्हा संधी नाही.

वैष्णवी शिकलेली, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "आई, तू सरळ मांडवात ये. कोण काय म्हनतंय ते म्या बघते."

"नगं बाई," बनाबाई म्हणाली. "माझ्या आईनं न्हाई बघितलं, म्या रत्नीचं न्हाई बघितलं. उद्या तुझ्या संसारात बारीकसं जरी वंगाळ झालं, तरी जलमभर माझ्या मनाला लागंल. रीत ऱ्हाऊ दे."

वैष्णवीने वाद घातला नाही. आईला ती ओळखून होती.

आनंदरावांनी पुण्याचा फोटोवाला आणायचं मनात घेतलं होतं. त्याच्याकडे ड्रोन होता. बनाबाईने मान हलवली. "त्यो वरनं काय दावनार? मांडवाचं कापाड? सोमालाच बोलवा."

"त्यो? मागल्या टायमाला येवढा घोळ घातला त्यानं!"

"व्हय. पर म्या काय धुंडते ते त्येला ठावं हाय. नव्याला कुठनं कळायचं?"

त्याच दिवशी सोमनाथला निरोप गेला.

तो आला तो बिचकतच आला. जुनं भांडण उकरून काढतील अशी त्याची समजूत असावी. बनाबाईने त्याच्यापुढे पिठलं-भाकरीचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "आदी जेव. मागल्या टायमाला तू उपाशी गेलास, ते मला मागनं कळलं." त्याची आठी तिथेच निम्मी उतरली. जेवण झाल्यावर तो सरळ बोलला. "काकू, फोटू म्या काढीन. पर एकट्याच्यानं न्हाई व्हायचं. तुमची मानसं मला लागतील. मागल्या बारीला म्याबी तोंड शिवून ऱ्हायलो, इचारायला पायजे हुतं."

मग त्याने अंगणात फिरून सगळं पाहिलं. स्टेजवर लाल कापड लावलं तर सगळ्यांची तोंडं लालभडक येतात, म्हणून वर पांढरं लावायला सांगितलं. नवरीचं तोंड घराच्या दाराकडे येणार होतं, तेव्हा नवऱ्याच्या खांद्याजवळ, दाराच्या बाजूला आपल्याला उभं राहायला जागा ठेवा म्हणाला. सत्कार आधीच उरकायचे ठरले. शेवटी त्याने भिमा आणि गेनूला बोलावून घेतलं. "तात्या, अण्णा, पडदा वर उडवायचा न्हाई. वर उडवला की माझ्या म्होरं येतो. खाली सोडायचा."

दोघं एकमेकांकडे पाहू लागले. साऱ्या हयातीत त्यांनी मला वरच उडवलेलं.

"करून बघू या का एक डाव?" सोमनाथ म्हणाला आणि ओट्यावरच्या माझ्या पेटीकडे हात केला.

भिमा दोन पावलं मागे सरला. "खोटं लगीन लावायचं व्हय? अंतरपाटाला हात न्हाई लावायचा, सांगून ठिवतो."

बरोबरच होतं त्याचं. मग बनाबाईने घरातून एक फुलाफुलांची चादर आणून दिली. एका बाजूला पाण्याचा पिंप, दुसऱ्या बाजूला तांदळाचं पोतं, मध्ये चादर, आणि सोमनाथ तोंडानेच "सावधान" म्हणतोय. पहिल्यांदा चादर वर गेली. दुसऱ्यांदाही वर गेली. वैष्णवी आणि माहेरपणाला आलेली रत्ना दारात हसून हसून बेजार झाल्या. दिवस कलेपर्यंत त्या पिंपाचं आणि पोत्याचं कितीदा लग्न लागलं, देव जाणे. मी पेटीतून डोकावत होतो. खरं सांगतो, त्या चादरीचा मला हेवा वाटला.

मोबाईलवाल्यांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. सोमनाथ म्हणाला, "नाना, माईकवरनं तुमीच सांगायला पायजे. माझं कोन ऐकनार?"

आनंदराव अवघडले. लेकीकडच्या बाजूने व्याह्यांच्या माणसांना जागेवर बसा म्हणायचं? लोक रुसतात. मानपानावरून पंगती उठल्याचं त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. "बघू," एवढंच म्हणून ते उठून गेले. बनाबाईने त्यांना पुन्हा विचारलं नाही, पण लग्नाच्या दिवसापर्यंत तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सगळं जुळून आलं होतं, आणि सगळं त्या एका "बघू"वर अडलं होतं.

लग्नाचा दिवस उजाडला. सत्कार लवकर आटोपले. मांडव भरला. बनाबाई तांब्या घेऊन परसदारी गेली आणि तुळशीपाशी बसली. भिमाने आणि गेनूने मला धरलं. नेहमीसारखा तिरका. अलीकडे नवरा, पलीकडे वैष्णवी, तिच्या मागे मामा आणि पाठराखीण म्हणून रत्ना. सोमनाथ ठरल्या जागी. आणि मला दिसलं, की पुढच्या रांगेतले हात मोबाईलसह हळूहळू वर यायला लागले आहेत आणि दोन-चार जण स्टेजच्या पायरीशी येऊन ठेपले आहेत.

तेवढ्यात माईक खरखरला. आनंदराव होते. या माणसाने आयुष्यात चारचौघांत बायकोचा विषय काढला नव्हता. त्यांनी माईक दोन्ही हातांत धरला.

"मंडळी, एक इनंती हाय. पोरीची आई मागं तुळशीपाशी बसलीया. तिला लेकीचं लगीन बघता येत न्हाई, तुमाला रीत ठावं हाय. थोरलीच्या टायमाला आमी समदी म्होरं आलो, आन् तिच्या वाट्याला फोटूबी आला न्हाई. आज ह्या सोमनाथचं डोळं त्येच तिचं डोळं. त्येच्या म्होरं कुनी येऊ नगा. अक्षता बसल्या जागंवरनं टाका. मोबाईल खिशात ठेवा. रागवायचं आसंल तर माझ्यावर रागवा."

व्याह्यांकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या नातवाचा मोबाईल काढून घेतला आणि स्वतःच्या कोपरीच्या खिशात घातला. पायरीवरची पोरं खाली उतरली. हात एकेक करून खाली गेले. मांडवातल्या बायकांपैकी कुणीतरी डोळ्याला पदर लावला.

मंगलाष्टकं सुरू झाली. इतक्या शांततेत लागलेलं लग्न मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गुरुजींचासुद्धा सूर लागला! शेवटचं "सावधान" झालं, आणि तेव्हाच घात व्हायची वेळ आली. गेनूचा हात सवयीने वर निघाला. एवढी तालीम केली, पण हाताला कोण सांगणार? भिमाने ते पाहिलं आणि माझं टोक मुठीत आवळून मला सगळ्या ताकदीनिशी खाली खेचलं. टर्रकन आवाज झाला. माझा एक कोपरा फाटून गेनूच्या हातात राहिला आणि मी खाली आलो.

वैष्णवीसमोर आता काही नव्हतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने त्याच्या खांद्यावरून पलीकडे, घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. त्या दारातून पार परसदारापर्यंत नजर जाते. तिथे पाठमोरी बसलेली तिची आई होती. आणि दाराच्या रेषेत सोमनाथचा कॅमेरा होता.

अक्षता पडल्या. वाजंत्री वाजायला लागली. गेनूने फाटक्या कोपऱ्यासकट माझी घडी घातली, ओशाळं तोंड करून मला परसदारी नेलं आणि बनाबाईच्या मांडीवर ठेवलं. तिने माझ्यावर हात ठेवला, पण मागे वळून पाहिलं नाही. ती वाट पाहत होती.

इकडे स्टेजवर फोटोसाठी झुंबड उडाली होती. सोमनाथला हाका सुरू झाल्या. आनंदराव मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "दोन मिन्टं थांबा. त्येला आदी मागं जाऊन यिऊ द्या." रत्ना सोमनाथला वाट काढून देत पुढे झाली. तो परसदारी आला, चप्पल काढून बनाबाईजवळ उकिडवा बसला आणि कॅमेऱ्याच्या मागचा छोटा पडदा तिच्यापुढे धरला. उजेड पडू नये म्हणून त्याने त्यावर आपल्या हाताची सावली धरली.

बनाबाईने ओले हात माझ्या पांढऱ्या अंगाला पुसले आणि पाहिलं.

खालच्या ओठाला चिकटलेला तांदूळ. बाशिंगाच्या मोत्यांमागे भरलेले डोळे. आणि ती नजर सरळ, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

"माझ्याकडं बघतीया," बनाबाई म्हणाली. बराच वेळ ती तेवढंच म्हणत राहिली. "अगं बाई, माझ्याकडंच बघतीया."

मग तिचं लक्ष फोटोत वैष्णवीच्या मागे उभ्या असलेल्या रत्नाकडे गेलं. तिने बोट तिथे नेलं आणि शेजारी उभ्या असलेल्या रत्नाला विचारलं, "रत्ने, तुझ्या टायमाला तूबी बघितलं हुतंस का गं?"

रत्ना खाली बसली. आईच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "व्हय आई. म्याबी दाराकडंच बघितलं हुतं."

मुली आईचं मन राखायला असं काहीबाही बोलतात, असं तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, मी तिथे होतो. माणसांच्या आणि मोबाईलच्या त्या गर्दीत मी सोमनाथच्या डोक्यावर पडायच्या आधी, वीतभर अंतरावरून मी रत्नाला पाहिलं होतं. तिने खरंच दाराकडे पाहिलं होतं. साक्षीला मी एकटाच होतो, आणि मला बोलता येत नव्हतं.

आज सांगायची संधी मिळाली, म्हणून सांगून टाकलं. बनाबाईने माझा कोपरा शिवला आहे, आणि अजून लग्नसराईत मला बोलावणं येतं. माझी फार मागणी नाही. मला धुऊन ठेवा, उंदरांपासून जपा, माझ्यावर भाताचं पातेलं ठेवू नका. आणि जो माणूस तुमच्या घरच्या लग्नात फोटो काढायला येईल, त्याला आधी जेवू घाला आणि कुणासाठी काय टिपायचं ते नीट सांगा. मग मी खाली यायच्या वेळी त्याच्या समोरून बाजूला व्हा. मागे कुणीतरी तुळशीला पाणी घालत बसलेलं असतं.